कोणता रंग रोलमध्ये ठेवायचा, कोणता छापायचा

रेडियमचं, म्हणजे पाट्या आणि गाड्यांवर चिकटवायच्या अक्षरांचं, नवीन दुकान टाकणारी पोरं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, किती रंगांचे रोल भरू?" आणि लगेच दुसरा: "का सरळ प्रिंटरच घेऊ? सगळेच रंग घरात येतील." कराडात माझं हे काम 16 वर्षं चाललंय. एका भिंतीला रंगीत व्हिनाइलच्या, म्हणजे मागे गोंद असलेल्या प्लास्टिक फिल्मच्या, रोलचा स्टँड, समोर त्यावर छापणारा इको-सॉल्व्हंट प्रिंटर, मध्ये ब्लेडने अक्षरं कापणारा 2 फुटी प्लॉटर. मी दोन्ही करतो. पण कोणतं काम कुठल्या बाजूला जाणार हे ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघतो: दोन वर्षांनी या बोर्डातलं एक अक्षर बदलायची वेळ आली तर काय करावं लागेल?

मेडिकलवाल्याचा फोन नंबर बदलला समजा. नंबर कट व्हिनाइलचा, म्हणजे रोलमधून कापलेला, असेल तर दोन आकडे हेअर ड्रायरने गरम करायचे, नखाने कोपरा उचलून सावकाश ओढायचे, उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, वरून साबणपाणी मारून कोरडं करायचं, नवे आकडे लावायचे. अर्ध्या तासाचं काम. तोच नंबर छापलेला असेल तर अख्खा पॅनेल नव्याने काढावा लागतो, नाहीतर ठिगळ लावावं लागतं, आणि ठिगळ रस्त्याच्या पलीकडून दिसतं. म्हणून जे बदलू शकतं, म्हणजे फोन नंबर, मालकाचं नाव, वेळ, "शाखा क्र. 2", ते सगळं मी रंगीत व्हिनाइलमध्ये कापतो. मागची पार्श्वभूमी, फोटो, रंग एकात एक विरघळत जाणारा लोगो, क्यूआर कोड हे छापतो. छापलेल्या पार्श्वभूमीवर कापलेली अक्षरं, ही माझी सगळ्यात आवडती जोडी.

एक पथ्य मात्र पाळा. एकाच बोर्डात एकच रंग अर्धा छापलेला आणि अर्धा रोलमधला घेऊ नका. दुकानात ट्यूबलाइटखाली जुळला तरी उन्हात फरक दिसतो, आणि वर्षभराने दोघांचं विटणंही वेगवेगळं होतं. व्हिनाइलचा रंग फिल्मच्या अंगात असतो, छपाईचा फक्त वरच्या पातळ थरात.

आता स्टँडवर काय असावं. पांढरा, काळा, लाल, पिवळा, गडद निळा, हिरवा, सोनेरी, चंदेरी आणि भगवा. नऊ रोल. बाकीचे रंग डीलरकडून रनिंग मीटरवर आणावेत. जांभळ्याचा 50 मीटरचा रोल घेतला आणि वर्षातून दोनदाच लागला तर तुमचा पैसा स्टँडवर लटकत राहतो. बहुतेक कंपन्या व्हिनाइलची साठवण मुदत दोन वर्षांच्या आसपास सांगतात. त्यापुढे गोंदाचा भरवसा नाही, कापताना फिल्मच्या मागचा कागदही नीट सुटत नाही. रोल आडवा टाकून त्यावर दुसरे रोल रचू नका, दाबाच्या खुणा अक्षरात उमटतात. उभा ठेवा किंवा दांडीवर लटकवा.

भगव्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच नवीन माणूस फसतो. प्रिंटरमध्ये भगवी शाई नसते. सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा या चार शायांतून तो पिवळा आणि मॅजेंटा मिसळून भगवा करायला बघतो. मॅजेंटा जरा वाढला की रंग विटकरी होतो, कमी झाला की हापूसच्या सालीसारखा पिवळा. ध्वजाच्या कापडासारखा पेटलेला भगवा त्यात सापडत नाही. वर उन्हात सगळ्यात आधी विटतात त्या पिवळा आणि मॅजेंटा याच शाया. एसटी स्टँडजवळच्या जुन्या बोर्डांवर शुभेच्छुकांचे चेहरे निळसर झालेले तुम्ही पाहिले असतील, ते यामुळेच. भगवा तर या दोन शायांवरच उभा असतो. 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला गाड्यांवर लावायचं काम धो धो येतं. त्यासाठी मी जानेवारीतच भगव्याचे दोन रोल एकाच बॅचचे आणून ठेवतो. बॅच बदलली की छटा थोडी हलते, मग एकाच मंडळाच्या गाड्या दोन रंगांच्या दिसतात.

सोनेरी, चंदेरी, फ्लोरोसंट आणि रात्री हेडलाइटमध्ये चमकणारा रिफ्लेक्टिव्ह, हे चार शायांच्या प्रिंटरवर होतच नाहीत. गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

देवनागरी कापायची तर कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरं टाईप करून थेट प्लॉटरला पाठवू नका. पडद्यावर "महालक्ष्मी" एकसंध दिसतं, पण वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात, बघा: प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात घुसलेली असते. प्लॉटर त्या प्रत्येक ठिकाणी ब्लेड फिरवतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. लावताना ते सरकतात, नंतर त्या फटीत धूळ बसते. अक्षरं कर्व्ह करा (फॉन्टचं रेषांच्या आकृतीत रूपांतर), वेल्ड करा (एकात घुसलेले आकार एकच करा), पुन्हा वायरफ्रेममध्ये जाऊन प्रत्येक मात्रा आणि वेलांटी शिरोरेषेला जोडली गेली का ते बघा. अनुस्वाराचा टिंब पाव इंचापेक्षा लहान होत असेल तर तो कापू नका. पहिल्या पावसात किंवा फडक्याने पुसताना तो जातो, आणि "गंध" चं "गध" होतं. इतकी बारीक अक्षरं छापलेलीच बरी.

छापायचं ठरलं तर रंग मॉनिटरवर ठरवू नका. गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या रंगाचे सहा-आठ तुकडे बोर्डाला वापरणार त्याच व्हिनाइलवर छापा, त्यावर तेच लॅमिनेशन (छपाईवर चढवायची पारदर्शक फिल्म) लावा आणि दुकानाबाहेर उन्हात धरून दाखवा. ग्लॉस लॅमिनेशनखाली रंग गडद होतो. निळ्यासाठी सायन 100 टक्के आणि मॅजेंटाही 100 टक्के टाकलात तर जांभळाच येणार. मॅजेंटा 70 च्या खाली ठेवा. मोठ्या भागात नुसता काळा 100 दिला तर तो राखाडी वाटतो, त्यात सायन 60, मॅजेंटा 40, पिवळा 40 घालावा. पसंत पडलेला तुकडा आकड्यांसकट पाकिटात ठेवा आणि पाकिटावर कामाचं नाव लिहा. कट व्हिनाइलच्या कामात त्याच पाकिटात रोलचा वीतभर तुकडा आणि बॅच नंबर टाका. दोन वर्षांनी अक्षर बदलायला हेच पाकीट उघडायचं असतं.

लॅमिनेशनची घाई मला महागात पडली. मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत 25 नोव्हेंबर 2023 ला संपणार होती. आदल्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका हॉटेलवाल्याचा बोर्ड दुपारी छापला आणि संध्याकाळीच लॅमिनेट करून दिला. शाईतला सॉल्व्हंट, म्हणजे ती पातळ करणारा द्रव, उडालेला नव्हता, तो फिल्मखाली अडकला आणि गोंद मऊ पडला. महिन्याभरात कडा वळल्या, कोपऱ्यावर बोट ठेवलं की चिकट लागायचं. तो बोर्ड मी माझ्या खर्चाने नवा करून दिला. आता छापलेला माल कमीत कमी 24 तास, गडद रंगाचा असेल तर 48 तास, सैल गुंडाळून उघडा ठेवतो. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी.

लॅमिनेशन न करता छापील काम रोज धुतल्या जाणाऱ्या टेम्पोला किंवा मोटरसायकलच्या टाकीला लावूच नका. पेट्रोलचा एक ओघळ आला की शाई फडक्यावर येते. टाकीवर एका रंगाची अक्षरं असतील तर रोलमधूनच कापा.

मागून लाइट लागणाऱ्या बोर्डाचं गणित वेगळं आहे. साधं रंगीत व्हिनाइल अपारदर्शक असतं, रात्री लालही काळपट दिसतो. तिथे ट्रान्सलुसंट, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारं, व्हिनाइलच घ्या. छापणार असाल तर बॅकलिट मीडियावर (मागून लाइटसाठीच्या खास मालावर) शाईचं प्रमाण वाढवून छापा, कारण दिवसा झकास दिसणारी साधी छपाई लाइट लावला की धुतल्यासारखी फिकी पडते. बोर्ड जागेवर चढवण्याआधी दुकानातच अंधार करून, आत एलईडी लावून एकदा गिऱ्हाइकाला दाखवा.