फ्लॅट भाड्यानं द्यायला घेताय? आधी हिशोब मांडा
समजा पुण्यात ५० लाखांचा वनबीएचके घेतला, त्यात ४० लाख लोन, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं, म्हणजे हप्ता पावणेपस्तीस हजाराच्या आसपास आणि भाडं येणार १५ हजार, तर वरचे वीसेक हजार दर महिन्याला पगारातून जाणार हे आधी कागदावर लिहा (एजंट हे सांगत नाही). वर्षाला ११ महिन्यांचंच भाडं धरा, एखादा महिना रिकामा जातोच. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) रजिस्टर कराच, महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची, नुसत्या नोटरीवर भागवू नका. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दलचा आकार) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. आणि चावी देता-घेताना लाइटच्या मीटरचा फोटो काढा, माझा एक भाडेकरू तीन महिन्यांचं बिल थकवून गेला, डिपॉझिट आधीच परत दिलेलं!