घरी स्वस्तात ॲम्प बनवताय? आयसी बदलायच्या आधी या चुका बघा

सांगली-मिरजेत घरी ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) जोडणारी पोरं अजून भरपूर आहेत, कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तर कुणी माळ्यावर जुने स्पीकर पडलेत म्हणून. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आयसी (ॲम्पचं मुख्य काम करणारी चिप) कुठला घेऊ? टीडीए२०३०ए घ्या नाहीतर एलएम१८७५ घ्या, खोलीपुरतं दोन्ही मस्त वाजतात. बिघडतं ते ट्रान्सफॉर्मर, ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची सामायिक वायर) आणि हीटसिंकमध्ये (आयसीची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), कारण पैसे तिथंच वाचवले जातात, आणि मग आयसी उडाला की डुप्लिकेट होता म्हणून मोकळं व्हायचं. डुप्लिकेट असतात, नाही असं नाही, पण दर वेळी नसतो.

आधी व्होल्टेजचा हिशोब. १२-०-१२ चा (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर म्हणजे प्लस-मायनस १२ मिळणार असं धरून लोक चालतात. ते १२ एसी आहेत हो, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर १.४१ पट होतात, डायोडचा ड्रॉप गेला तरी १६ च्या आसपास राहतात, शिवाय लोड नसताना अजून एक-दोन व्होल्ट चढतात आणि घरची लाईन २५० व्होल्टला गेली की आणखी थोडे. साध्या टीडीए२०३० ची कमाल मर्यादा प्लस-मायनस १८ आहे, म्हणजे तो काठावरच बसलाय, २०३०ए ला २२ चालतात. त्यात कुणीतरी पॉवर वाढेल म्हणून १८-०-१८ लावतो, तिथं २५-२६ येतात, २०३०ए जागेवर जातो आणि २५ व्होल्टचे कपॅसिटर फुगतात. १८-०-१८ च हातात असेल तर एलएम१८७५ घ्या (मर्यादा प्लस-मायनस ३०), स्पीकर ८ ओहमचेच लावा आणि कपॅसिटर ३५ किंवा ५० व्होल्टचे. आणि मायनस लाईनच्या कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो, हे जोडताना शंभरदा सांगितलं तरी उलटं होतंच.

पॉवर किती येणार? १२-०-१२ वर ८ ओहमला साधारण ९ वॅट, बास. हा डॉल्बी नाही, दहा बाय बाराच्या खोलीत ९ वॅट लय होतात.

पहिल्यांदा चालू करताना

थेट बोर्डात पिन घालू नका. मेनच्या फेज वायरमध्ये ६० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी बल्ब इथं कामाचा नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि शोधा. स्पीकर अजून लावायचा नाही. मल्टिमीटरनं स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी बघा, ५० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे. तिथं १५-१६ व्होल्ट दिसले आणि तरी तुम्ही स्पीकर जोडला तर व्हॉइस कॉइल जळणार, आणि स्पीकरची किंमत आयसीच्या कितीतरी पट आहे.

सिरीज बल्ब फुल पेटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे हीटसिंक. या दोन्ही आयसींची पाठीची पत्री मायनस सप्लायला आतून जोडलेली असते. मायका (उष्णता जाऊ देणारा पण वीज अडवणारा पातळ पापुद्रा) न घालता हीटसिंकला कसला आणि हीटसिंक पत्र्याच्या कॅबिनेटला टेकला, की मायनस सरळ ग्राउंडला. मायका, दोन्ही बाजूनं पेस्ट, आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश, बुशच विसरतात बहुतेक जण. आकाराचंही बघा, काडेपेटीएवढ्या हीटसिंकवर जानेवारीत चालेल, पण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवाच ४० डिग्री असते. ४ ओहमचा स्पीकर लावून जोरात वाजवलं तर एकेक आयसी १२-१३ वॅट उष्णता टाकतो. दहा मिनिटं वाजून आवाज तुटतो, गार झालं की परत येतो, असं होत असेल तर आयसी चांगला आहे, तो स्वतःला वाचवतोय.

हमिंग

हमिंग म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी घूं, यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात जास्त अंदाजे उपाय करतात. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा १०००० चा केला, हमिंग तेवढंच. कारण बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो. ब्रिजमधून कपॅसिटरकडं करंट सलग जात नाही, सेकंदाला शंभर वेळा झटक्यानं जातो, आणि त्याच ग्राउंडच्या वायरवर तुम्ही इनपुटचं ग्राउंड टेकवलं तर तो झटका सिग्नलमध्ये मिसळणारच. दोन फिल्टर कपॅसिटरच्या मधून एक वायर काढून एका बिंदूवर आणा आणि तिथून स्पीकरचं, आयसीचं, इनपुटचं ग्राउंड वेगवेगळं काढा.

शोधायचं कसं? आयसीच्या बोर्डावरच इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. तरी हम आला तर सप्लायचं ग्राउंड बघा. गेला तर बोर्डाच्या पुढचं, म्हणजे शिल्डेड (वरून जाळीचं कवच असलेली) नसलेली वायर किंवा ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेलेली. व्हॉल्यूम शून्यावर आणि फुलवर शांत पण मधे घूं येतंय, तर पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटनाच्या) वायरी शिल्डेड नाहीत. आणि टीव्हीची केबल काढल्यावरच थांबत असेल तर ग्राउंड लूप आहे (दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेलीत), त्यासाठी कॅबिनेटचं अर्थिंग तोडायचं नाही, कधीच नाही, इनपुटला छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

मिरजकरांसाठी खास: टेस्टिंगला तानपुरा लावू नका. काळी एक पट्टीचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झला येतो आणि हम १०० ला, दोन्ही इतके जवळ की हम त्यात लपतो, नुसती एक लहर ऐकू येते आणि वाटतं तानपुऱ्याची जवारीच (तारांचा झंकार) आहे.

आता प्रीॲम्प, म्हणजे मुख्य आयसीच्या आधी सिग्नल वाढवणारं बोर्ड. इंटिग्रेटेड ॲम्प (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात) म्हणून बास-ट्रेबलचं बोर्ड पाहिजेच असं काही नाही. आयसीचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) २० धरला तर ९ वॅटसाठी अर्धा व्होल्ट सुद्धा पुरतो, आणि तेवढं मोबाईलमधून सहसा निघतं. वर ४५५८ या आयसीचं प्रीॲम्प बोर्ड टाकून आणखी दहापट वाढवलं की फक्त हिस (मागची सूं) वाढतो आणि व्हॉल्यूमचं बटन घड्याळातल्या नऊच्या पुढं नेता येत नाही. हाच त्रास बी मार्किंगच्या पॉटनं पण होतो, तो लिनियर असतो, ए (लॉग) घ्या.

गेन खूप जास्त वाटला म्हणून फीडबॅकचे (गेन ठरवणारे) रेझिस्टर बदलून तो ५ करू नका, एलएम१८७५ दहाच्या खाली स्थिर राहत नाही, गाणं न लावताही चटके बसतील इतका तापतो. आउटपुटचा १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर "नसला तरी वाजतंय" म्हणून गाळला तरी तेच. सप्लायचे ०.१ मायक्रोफॅरडवाले कपॅसिटर आयसीच्या पायाला लागूनच पाहिजेत, चार इंच लांब नाही.

ब्लूटूथचं बोर्ड लावलं आणि मागं बारीक चुंईचुंई येत असेल तर त्याला त्याच ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय देऊ नका. मोबाईलच्या जुन्या चार्जरवर चालवून बघा, बहुतेक वेळा तिथंच आवाज थांबतो.