घरात पाळणा हलणार असेल तर तंबाखू कशी करायची

निपाणीकडं तंबाखू करणारी जी नवी लग्न झालेली पोरं आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. जुन्या माणसांना यातलं बरंच माहीत असतंय, फक्त ओल्या पानाचं सोडून, आणि ते मला पण पहिल्या वर्षी बायको बांधावर ओकल्यावरच कळालं.

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते, शेंडा खुडून झालेला, बगलफूट (पानांच्या बगलेतनं फुटणारे कोंब) काढायची राहिलेली. रात्री पाऊस येऊन गेला, मजूर मिळंनात, मग बायको आणि आई सकाळी सातलाच रानात गेल्या, पानं अजून टपटप गळत होती. अकराच्या सुमारास बायको बांधावर बसली ती उठंनाच, डोकं गरगरतंय म्हणाली आणि दोनदा ओकली. आई मनातल्या मनात खुश, संध्याकाळी चिंचा पण घेऊन आली. डॉक्टरांनी टेस्ट केली तर गोड बातमी खरीच होती, पण त्यांनी पुढं विचारलं की सकाळी काय काम करत होता, कपडे भिजले होते का. मग म्हणाले आजच्या उलट्या बाळाच्या दिसत नाहीत, तंबाखूच्या आहेत.

निकोटिन पाण्यात विरघळतंय. पानावर दव असू दे, पाऊस असू दे नाहीतर आपला घाम, ते पाणी अंगाला लागलं की निकोटिन कातडीतून आत जातंय, माणूस तंबाखू खात असो नसो. मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर, अशक्तपणा, काही तासांत सुरू होतंय आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतंय. आमच्याकडं याला "तंबाखू लागली" म्हणून सोडून देतात, पण पोटात बाळ असेल तर सोडून द्यायचं नाही, कारण निकोटिन नाळेतून बाळापर्यंत पोचतंय. त्या दिवसापासून आमच्यात ठरलं, पान कोरडं झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही आणि बायकोनं तर कोरड्याला पण नाही. पुढचं सगळं याच हिशोबानं वाचा.

आता पीक. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे बसतात, एक मोठी सर आली की सगळं वाहून एका कोपऱ्यात जमा. म्हणून जूनमध्ये तरू (लावणीसाठीची रोपं) टाकायची जागा उंच आणि निचऱ्याची बघा. उन्हाळ्यात तिथं राब भाजून घ्या, म्हणजे पालापाचोळा पसरून जाळा, तणाचं बी आणि रोग दोन्ही मरतंय. गादीवाफा चार फूट रुंद, किमान सहा इंच उंच, दोन्ही बाजूनं चर. १० चौरस मीटरला ५ ग्रॅम बी पुरतंय, बारीक वाळूत मिसळून फेकायचं. जास्त टाकाल तर रोपं दाट होऊन बुडातून कुजतील, हे पावसाळ्यात हमखास होतंय, आज एक टाळकं आडवं आणि परवा ताटाएवढा पट्टा मोकळा.

या कुजीला बोर्डो मिश्रण (बुरशीवरचं औषध) १ टक्का: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि प्लास्टिकच्या पिंपातच, लोखंडी भांडं नको. झालं की विळ्याचं पातं घासून त्यात मिनिटभर बुडवून बघा, तांबूस थर बसला तर अजून चुना घाला, नाहीतर रोपं करपतील. वाफ्यावर बांबूच्या कमानी करून प्लास्टिक तयार ठेवा, पण चोवीस तास झाकून ठेवू नका, आत वाफ धरली की रोपांची कूज अजून वाढतंय. आणि सगळं बी एकदम टाकू नका, पंधरा दिवसांनी दुसरा वाफा टाका. आमचं २०१९ ला ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी आलं तेव्हा मागच्या वाफ्यानंच वाचवलं, तो माळावर होता. वाफ्याच्या कडेनं एरंडी लावा, पानं खाणाऱ्या अळीचा पतंग आधी एरंडीवर अंडी घालतंय, ती पानं खुडून नष्ट करायची, औषध कमी लागतंय.

रोपं दीड-दोन महिन्यांची झाली की लावण, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. तीन फूट बाय अडीच फुटानं एकरी साधारण ५,८०० रोपं बसतात, नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला जादा धरा. तंबाखूला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, रान भरून राहिलं आणि वर कडक ऊन पडलं की झाड दुपारी मान टाकतंय, लोक म्हणतात रोग आला, मुळाला हवाच मिळाली नाही एवढंच असतंय बऱ्याचदा. त्यामुळं उताराला धरून सऱ्या आणि शेवटाला मोठा चर, हे काम पाऊस लागायच्या आधीच करा. रान पिवळं पडलं तर घात (वाफसा) आल्यावर थोडा युरिया द्या, चिखलात टाकू नका. पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं, म्युरेट नको, त्यातल्या क्लोराईडमुळं पान नीट जळत नाही आणि व्यापारी ते बरोबर ओळखतंय.

कळी दिसली की शेंडा खुडायचा, आम्ही बारा पानं ठेवतो. मग दर आठ-दहा दिवसांनी बगलफूट. हे सगळं दव उडाल्यावर, म्हणजे दहाच्या पुढं. आधी मला वाटायचं सकाळचे तीन तास फुकट जातात, पण ओलं झाड हाताळलं की खुडल्या जागी कूज धरतंय, म्हणजे थांबण्यात पिकाचा पण फायदाच आहे. तरी चिकटा लागतोच, त्यामुळं लांब बाह्यांचा शर्ट, रबरी ग्लोव्हज, आणि जवळ कोरडा जोड. शर्ट भिजला की लगेच बदला.

काढणीला जानेवारी-फेब्रुवारी. पान जाड होतंय, वाकवलं की कडकन मोडतंय, वर तांबूस ठिपके येतात, तेव्हा विळ्यानं झाड बुडातून कापून रानातच उन्हात वाळवायचं. इथं अवकाळी पाऊस आला की डोळ्यात पाणी, भिजलं पान काळं पडतंय, बुरशी धरतंय. ढग दिसले की ताडपत्री, पण भिजलेला माल ढीग करून झाकू नका, आतून तापून कुजतंय. जमीन सुकली की पातळ पसरा.

एक अडचण मात्र आहे, खरं सांगतो. वाळलेलं पान दुपारी उचललं तर चुरा होतंय, त्यामुळं ते पहाटे दवावर मऊ असतानाच उचलावं लागतंय. म्हणजे आपला नियम तिथं मोडतो. त्या कामाला ग्लोव्हज घालून मी आणि दोन गडी, बायकोला घरातच ठेवलं, तेव्हा ती पाच महिन्यांची होती. भावकीत बोलणी खाल्ली, "आमच्या बायका नवव्या महिन्यापर्यंत वखारीत बसत होत्या." बसत होत्या, बरोबर आहे, कोणी मोजलं नव्हतं त्यांना काय झालं ते.

आता घरातलं. वाळला माल सोप्यात किंवा माळ्यावर ठेवायची आपली पद्धत, ती बंद करा, शेड नसेल तर जनावरांच्या गोठ्यापासून लांब पत्र्याचा आडोसा करा. धूळ घरात नको आणि रांगतं पोर जे दिसेल ते तोंडात घालतंय, तंबाखूचा एक तुकडा पण त्याला धोक्याचा आहे. रानातले कपडे दारातच काढायचे, वेगळे धुवायचे, साबणानं हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यायचं. आणि मिश्री. घरची तंबाखू भाजून घरातल्या बायकांनी दाताला लावायची हे आमच्याकडं तीन पिढ्या चाललंय, पण पोटुशी बाईनं मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतंय, आणि दूध पाजताना पण निकोटिन दुधात उतरतंय. आईला हे मी सांगितलं तर तिनं ऐकलं नाही, नर्सबाईनं सांगितल्यावर डबी सुनेच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली.

पैशाचं पण बोलतो. तंबाखूला हमीभाव नाही. १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर शेतकरी निपाणीत हायवेवर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली, ते भावासाठीच. त्यामुळं डिलिव्हरीचा खर्च तंबाखूच्या पट्टीवर (विकलेल्या मालाच्या पैशावर) धरू नका, पट्टी कधी येईल आणि किती येईल ते व्यापाऱ्याच्या मर्जीवर. मी थोड्या रानात सोयाबीन केलं होतं, त्याचे पैसे दिवाळीला आले ते वेगळे ठेवले. दिवस पण मोजा, आमची तारीख जूनमध्ये, नेमकी तरू टाकायच्या आठवड्यात, बायको माहेरी नदीपलीकडं. पाऊस लागायच्या आधीच गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं आणि बी टाकायचं काम चुलतभावाला दिलं. त्यानं बी दाटच टाकलं, निम्मा वाफा कुजला, पण पोरगी अडीच किलोच्या वर भरली, मग त्याला काय बोललो नाही.