हत्तीरोगाने सुजलेल्या पायाची घरच्या घरी निगा कशी राखावी

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हत्तीरोगाचे जुने रुग्ण आजही आहेत, आणि पाय एकदा सुजला की करण्यासारखे काही उरत नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. वर्षानुवर्षांची कडक झालेली सूज पूर्ण उतरत नाही, हे खरे आहे. परंतु वरचेवर येणारा ताप, ठणका आणि प्रत्येक तापागणिक वाढत जाणारी सूज मात्र साबण, पाणी आणि पायाची योग्य हालचाल यांच्या बळावर बऱ्याच अंशी रोखता येते. हे कसे घडते ते कळले, तर रोजची निगा कंटाळवाणी वाटत नाही. म्हणून आधी शरीरातील द्रवाचा प्रवास समजून घ्यावा.

विश्रांतीच्या अवस्थेत हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त धमन्यांमध्ये ढकलते. हे रक्त केशवाहिन्यांत पोहोचले की दाबामुळे त्यातील पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने वाहिन्यांच्या पातळ भिंतींतून झिरपून पेशींभोवती पसरतात. झिरपलेला सगळाच द्रव थेट रक्तात परतत नाही, आणि बाहेर पडलेली प्रथिने रक्तवाहिन्यांना सहसा परत घेता येत नाहीत. हे काम लसीकावाहिन्या करतात, आणि त्यांत शिरलेल्या या द्रवाला लसीका म्हणतात. २४ तासांत साधारण २ ते ४ लिटर लसीका या वाहिन्यांतून वर चढते, वाटेत जांघेतील, काखेतील किंवा मानेतील लसीकाग्रंथींमध्ये गाळली जाते आणि अखेरीस मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये, मुख्यतः डाव्या बाजूला, रक्तात मिसळते. या प्रवासामागे हृदयासारखा पंप नसतो. वाहिन्यांच्या भिंतींचे स्वतःचे आकुंचन, पोटरीच्या स्नायूंचा दाब, खोल श्वास आणि लसीका मागे येऊ न देणाऱ्या असंख्य झडपा, एवढ्याच आधारावर ती पायापासून मानेपर्यंत पोहोचते.

हत्तीरोगाचा कृमी नेमका याच वाहिन्यांमध्ये घर करतो. क्युलेक्स डासाच्या चाव्यातून शरीरात शिरलेल्या अळ्यांचे प्रौढ कृमी होतात आणि ते लसीकावाहिन्यांत सरासरी ६ ते ८ वर्षे जगतात. त्यांच्यामुळे वाहिन्या फुगतात आणि झडपा निकामी होतात. पुढे कृमी मेले तरी निकामी झालेल्या झडपा पूर्ववत होत नाहीत, म्हणूनच कृमिनाशक गोळ्यांनी जुना पाय बारीक होत नाही. प्रथिनयुक्त द्रव पायात साचून राहतो, त्वचा जाड होते, तिला घड्या पडतात, आणि अशा पायात शिरलेल्या जंतूंना रोखण्याची ताकद कमी पडते. बोटांच्या बेचक्यात चिखल्यांनी पडलेली एक बारीक भेग या जंतूंना पुरेशी असते. थंडी वाजून येणारा ताप आणि लालबुंद, गरम झालेला पाय हा बहुतेक वेळा या जंतुसंसर्गाचा परिणाम असतो, तो कृमींनी आणलेला ताप नसतो. १९९०च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून ही बाब ठळकपणे पुढे आली. प्रत्येक झटका आणखी काही वाहिन्या बंद पाडतो. त्यामुळे खालील सर्व सूचनांचा हेतू एकच आहे : त्वचा अखंड ठेवणे.

निगा सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय दाखवून निदान पक्के करून घ्यावे, कारण हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारातही पाय सुजतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. टब, मग, टॉवेल, साबण आणि मलम असलेले संच हत्तीरोग कार्यक्रमातून रुग्णांना दिले जातात. त्याविषयी आशाताईंकडे विचारणा करावी.

पाय दिवसातून किमान एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी धुवावा. पाणी स्वच्छ आणि साधे असावे, गरम नसावे. मधुमेही व्यक्तीच्या पायाला चटका जाणवत नाही, म्हणून तिने किंवा घरच्यांनी पाणी हाताने तपासून घ्यावे. पाय ओला करण्याआधी चांगल्या उजेडात तो सगळीकडून पाहावा : बेचके, घड्यांच्या आत, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा. वाकता येत नसेल तर हे काम घरातील दुसऱ्या कोणी करावे, कारण न पाहिलेली भेग हीच पुढच्या तापाची सुरुवात असते. त्यानंतर साधा, उग्र वास नसलेला साबण हातावर घेऊन गुडघ्यापासून खाली बोटांपर्यंत हलक्या हाताने लावावा. घासणी, दगड किंवा ब्रश वापरू नये. प्रत्येक घडी बोटांनी उघडून आतून धुवावी आणि पाणी नितळ दिसेपर्यंत पाय खंगाळावा.

धुण्याइतकेच महत्त्व कोरडे करण्याला आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक हयगय इथेच होते. मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, रगडू नये. बोटांच्या मधल्या जागा आणि घड्या कापडाच्या टोकाने किंवा गॉजच्या तुकड्याने एकेक करून कोरड्या कराव्यात. ओल राहिली की बुरशी वाढते, त्वचा पांढरी पडून फाटते. बेचक्यात बुरशी दिसल्यास डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम आणि जखम असल्यास जंतुनाशक मलम लावावे. झाडपाला, राख, चुना यांपैकी काहीही लावू नये.

बसताना आणि झोपताना पाय उंचावर ठेवावा. झोपताना गादीच्या पायथ्याखाली उशा किंवा गुंडाळलेली घोंगडी ठेवता येते. गुडघा किंचित वाकलेला आणि खालून आधार दिलेला असावा. हृदयविकार असल्यास हे डॉक्टरांना विचारूनच करावे. दिवसभरात अनेकदा घोटा गोल फिरवावा, पंजा वरखाली करावा, आधार धरून चवड्यांवर उभे राहावे आणि सोबत खोल श्वास घ्यावा. इलॅस्टिक पट्टी प्रशिक्षित व्यक्तीने शिकवल्याशिवाय बांधू नये.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभे राहणे टाळता येत नसेल, तर बांधीतून बाहेर येताच पाय धुऊन कोरडा करावा आणि त्या काळात बेचके दोन वेळा तपासावेत. एरवी पाय न आवळणारी, न घासणारी, हवा खेळती ठेवणारी चप्पल वापरावी आणि नखे सरळ, बेताने कापावीत.

तापाचा झटका आल्यास व्यायाम आणि पट्टी लगेच थांबवावी. पाय थंड पाण्याच्या पट्ट्यांनी गार करावा, उंचावर ठेवून विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे आणि ताप व वेदनांसाठी पॅरासिटामॉल घ्यावे. पाय शेकू नये, फोड फोडू नयेत. प्रतिजैविकांची गरज असू शकते, म्हणून डॉक्टरांकडे जावे. ताप खूप असल्यास, रुग्ण गोंधळल्यासारखा वागत असल्यास, उलट्या होत असल्यास किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हत्तीरोगामुळे होणाऱ्या अंडवृद्धीवर, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचून येणाऱ्या सुजेवर, मात्र या निगेचा उपयोग होत नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. घरातील इतरांनी सामुदायिक औषधोपचार मोहिमेतील गोळ्या उपाशीपोटी न घेता, कर्मचाऱ्यांच्या समक्ष घ्याव्यात. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या दिल्या जात नाहीत. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी आपल्याकडे प्रामुख्याने रात्री रक्तात उतरतात, त्यामुळे रक्ततपासणीसाठी पथक रात्री घरी आले तर नमुना अवश्य द्यावा.