फायबरच्या होडीचा फुटलेला तळ: नाथसागराच्या काठावरची दुरुस्ती

नाथसागराचं पाणी उतरलं की खालची गावं वर येऊ लागतात. देवळाचं जोतं, घरांच्या भिंती, बाभळीचे खुंट. नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. धरणाची पायाभरणी 1965 ला झाली, उद्घाटन 1976 ला झालं आणि या पाण्याखाली शंभराहून जास्त गावांची शिवारं गेली. शिवार म्हटलं की विहिरी आल्याच. भिंत निदान पाण्याचा रंग बदलून आपली चाहूल देते. विहिरीचा कठडा मात्र पाण्याखाली वीतभर दडून बसलेला असतो आणि आजूबाजूला सगळं खोल, म्हणून होडी बिनधास्त वेगात येते.

गेल्या वैशाखात पुतण्याचा पहाटेच फोन आला, "काका, होडी हिरीवर चढली." तो आणि त्याचा जोडीदार सुखरूप होते, हे आधी विचारून घेतलं. दोघांनी डोक्याची मुंडाशी आणि पोतं भोकात कोंबलं, जाळी आणि मासळी दुसऱ्या बाजूला सरकवून फुटकी बाजू पाण्यावर उचलली आणि वल्ही मारत काठ गाठला. पाण्यात असताना एवढंच करायचं असतं. बाकी सगळं काठावर.

मी चौदा वर्षं वाळूजला फायबरच्या कारखान्यात काम केलं. टाक्या, गाड्यांचे पत्रे, दारं. नंतर पैठणला परत आलो, तेव्हापासून काठावरच्या होड्या माझ्याकडे येतात. त्यातल्या निम्म्या आधी कुणीतरी चुकीच्या पद्धतीनं बुजवलेल्या असतात. त्या होड्यांवर माणसं बसतात, त्यातल्या काहींना पोहताही येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पुतण्याच्या होडीला बाहेरून दिसत होतं ते चार इंचांचं भोक. तो म्हणाला, "एम-सील लावू आणि वरून पुट्टी." मी त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि त्याच्या मुठीनं तळावर ठोकत जायला सांगितलं. फायबर म्हणजे रेझिननं, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवानं, जोडलेले काचेच्या तंतूंचे थर. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो, घड्यावर टिचकी मारल्यासारखा. जिथे काचेचे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे भद्द असा बसका आवाज येतो. आवाज बदलला की पेन्सिलनं खूण करायची. अशा खुणा जोडत गेलो तर चार इंचांच्या भोकाभोवती नऊ बाय सात इंचांचा पट्टा मेलेला निघाला. आतल्या बाजूनं बघितलं तर तिथे पांढरट डाग पडले होते. फायबर पांढरं पडलं म्हणजे रेझिन काचेपासून सुटलं. ते पुन्हा चिकटत नाही, कितीही रेझिन पाजा.

ही सगळी दुरुस्ती खरं तर इथेच ठरते. धक्का बसतो एका जागी, पण तळ लवतो मोठ्या भागात, आणि लवताना आतले थर सुटतात. भोक तेवढं बुजवलं तर ठिगळ मेलेल्या फायबरला चिकटतं आणि पहिल्या लाटेला मेलेलं फायबर ठिगळासकट सुटतं. म्हणून जीव घट्ट करून कापायचं. खुणेच्या रेषेवर, पण कोपरे गोल ठेवून. चौकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते.

कापण्याआधी एक काम. साबण आणि गोड्या पाण्यानं तळ आतून बाहेरून घासून धुवा. मासळीचा चिकटा, डिझेल, शेवाळ, सगळं. न धुता ग्राइंडर मारला तर तेल काचेच्या तंतूंत घुसतं आणि तिथे रेझिन कधीच धरत नाही. आधी कुणी डांबर, एम-सील किंवा अ‍ॅरल्डाइट लावलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढा. एम-सील आणि अ‍ॅरल्डाइट इपॉक्सी जातीचे, आपण वापरतो ते पॉलिस्टर रेझिन. पॉलिस्टर इपॉक्सीवर नीट धरत नाही.

मग वाळवणं. आमच्याकडे उन्हाळ्याची हवा कोरडी असते, हे आपलं भाग्य समजा. तरी तीन-चार दिवस उन्हात ठेवा. नंतर रात्री भोकाच्या कडेवर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हानंतर बघा. पॉलिथिनच्या आतल्या बाजूला थेंब धरले असतील तर फायबरमध्ये पाणी आहे, अजून थांबा. घाई करणाऱ्याला मी होडी परत देतो. आषाढ-श्रावणात हे काम घेतच नाही.

सामान संभाजीनगरला फायबर मटेरियलच्या दुकानात मिळतं. पाण्यात राहणाऱ्या तळासाठी आयसोफ्थॅलिक रेझिन मागा, साधं जनरल पर्पज पाण्याला कमी टिकतं. शक्यतो कोबाल्ट, म्हणजे रेझिन आळायला वेग देणारं द्रव्य, आधीच घातलेलं घ्या. 300 आणि 450 ग्रॅमची मॅट (काचेच्या सुट्या तंतूंची चादर, वजन चौरस मीटरला), 600 ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड), रेझिन घट्ट करणारं हार्डनर, अ‍ॅसिटोन, दातेरी लोखंडी रोलर, ब्रश. वर सांगितलेल्या मापाच्या भोकाला दोन किलो रेझिन पुरून उरतं.

कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळाले तर नीट ऐका. हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात रेझिनमध्ये घालून नीट ढवळायचं, मगच त्यात हार्डनर. दोन्ही बाटल्या एका पिशवीतही ठेवू नका. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. उडालंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून तडक दवाखाना गाठा. जवळ बिडी नको, स्टोव्ह नको. रेझिनची वाफ आणि अ‍ॅसिटोन दोन्ही पेट घेतात. ग्राइंडर मारताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, काचेची धूळ फुप्फुसात जाते. धुळीचा मास्क घ्या, रेझिन लावताना वाफेसाठी फिल्टरवाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि काम झाल्यावर आधी थंड पाण्यानं, अंग न चोळता धुवा.

आता होडी सरळ ठेवून आतून सुरुवात. बाहेरच्या बाजूनं भोकावर सनमायकाचा तुकडा लावा, त्यावर पॉलिथिन गुळगुळीत ताणून, म्हणजे रेझिन त्याला धरणार नाही. तळाच्या वळणाला तो बसला पाहिजे, म्हणून पातळ घ्या आणि टेपनं, टेकूनं आवळा. थर्माकोल मात्र वापरू नका. पॉलिस्टर रेझिननं थर्माकोल विरघळतो, हातात खड्डा उरतो. बसायच्या फळीखाली तरंगण्यासाठी थर्माकोल भरलेला असेल तर तिथेही रेझिन पोचू देऊ नका. मग आतल्या बाजूनं भोकाच्या कडेपासून पाच इंच सगळीकडे 40 नंबरच्या पेपरनं घासून चमक घालवा, धूळ झटका, अ‍ॅसिटोननं पुसा, उडू द्या. त्यावर 450 च्या मॅटचे दोन थर. हा झाला तुमचा साचा. दुसऱ्या दिवशी सनमायका काढा आणि होडी जुन्या टायरांवर पालथी घाला.

बाहेरून आता उतार काढायचा. तळ जितका जाड, त्याच्या बारा पट लांब उतार. पुतण्याच्या होडीचा तळ 6 मिलिमीटर होता, म्हणजे भोकाच्या काठापासून साधारण तीन इंच सगळीकडे. भोकाच्या कडेला धार निघेपर्यंत घासायचं आणि बाहेर जात जात शून्यावर आणायचं, बशीसारखं. लोकांना वाटतं एवढं चांगलं फायबर का खरवडायचं. कारण नवीन ठिगळाचा जोर त्या उतारावरच येतो. सरळ उभ्या कडेला सहा मिलिमीटरची पकड मिळते, उताराला तीन इंचांची. आतल्या दोन थरांचा जो भाग भोकातून दिसतो, तोही घासून घ्या.

तुकडे आधीच कापून, क्रमानं मांडून ठेवा. हार्डनर घातल्यावर कात्री शोधायला वेळ नसतो. मी असं लावलं: 300 ची मॅट, 450 ची मॅट, रोव्हिंग, 450, रोव्हिंग, 450, शेवटी 300. मिळून सहा मिलिमीटरच्या आसपास भरतं. दोन रोव्हिंगच्या मध्ये मॅट हवीच. रोव्हिंगवर थेट रोव्हिंग ठेवलं तर मध्ये पकड राहत नाही.

सगळ्यात मोठा तुकडा आधी लावायचा की लहान, यावर कारागिरांत वाद आहे. मी मोठा आधी लावतो. तो पूर्ण उतारावर एकसलग बसतो आणि शेवटी वरून घासताना लहान तुकड्यांची कड घासली जाते, मुख्य थर कापला जात नाही.

मे महिन्यात काम पहाटे सहा ते नऊ. आमच्याकडे दुपारी पारा 42 च्या पुढे जातो आणि रेझिन ब्रशवरच आळतं. लिंबाच्या सावलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये करा, पण वारा खेळता हवा. एका वेळी 200 ग्रॅमच कालवा. उन्हाळ्यात त्यात 2 मिलिलिटर हार्डनर, हिवाळ्यात 3 ते 4. मोजायला सुई काढलेली सिरिंज घ्या, अंदाजानं ओतू नका. एक टक्क्याखाली जाऊ नका, रेझिन कायमचं अर्धंकच्चं राहतं. कालवलेलं रेझिन मगात न ठेवता पसरट थाळीत ओता. मगात ते स्वतःच्या उष्णतेनं तापतं, धूर काढतं. उरलेलं कचऱ्यात फेकू नका, उघड्यावर थंड होऊ द्या.

आधी उतारावर ब्रशनं रेझिन, मग मॅट, मग वरून रेझिन टोचत टोचत. ब्रश ओढू नका, मॅट सरकते. पांढरी मॅट पारदर्शक झाली म्हणजे भिजली. मग रोलर मधून कडेकडे फिरवा. हवेचा एक बुडबुडा उरला तर तिथे पुढे पाणी साचेल. जास्तीचं रेझिनही रोलरनं बाहेर काढा. नुसतं रेझिन ताकद देत नाही, ताकद काचेची. तीन थर झाले की थांबा, थंड होऊ द्या, मग पुढचे. सगळे एकदम लावले तर आत उष्णता कोंडून ठिगळ वाकतं. त्याच दिवशी पुढचे थर लावले तर घासायची गरज नाही. दुसऱ्या दिवसावर गेलं तर घासून पुसून घ्या.

दोन दिवस तसंच राहू द्या. मग अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून बघा. वरचा थर थोडा चिकट असणं चालतं, हवेमुळे तसं होतं. पण चिकटपणा घासल्यावर खालचं नखानं दबत असेल तर हार्डनर चुकलंय. ते काढून परत करावं लागतं, दुसरा इलाज नाही.

घासणं 80 नंबरपासून. बारीक खड्ड्यांसाठी गाड्यांची पुट्टी पाण्याखालच्या भागाला नको, ती पाणी पिते. रेझिनमध्ये एरोसिल (सिलिकाची अगदी हलकी पूड) कालवून लगदा करा. मग 120, 220 नंबरचा पेपर आणि जेलकोटचे, म्हणजे बाहेरच्या रंगीत गुळगुळीत थराच्या रेझिनचे, दोन हात. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घाला, नाहीतर वरचा थर वाळत नाही. रंग जुन्याशी जुळला नाही तरी होडीचं काही अडत नाही.

मोटर बसवतात तो मागचा फळा हलत असेल, कण्यावर आडवी चीर असेल किंवा आतल्या आडव्या पट्ट्या तळापासून सुटल्या असतील, तर हे घरी करू नका. प्रवासी होडी असेल तर मुळीच नाही.

पुतण्याची होडी आम्ही गुडघाभर पाण्यात उतरवली, आत वाळूची चार पोती ठेवली आणि रात्रभर तशीच बांधली. सकाळी आतून ठिगळाच्या कडेवर कोरडा कागद दाबून फिरवला. कागद कोरडाच निघाला. मग त्याच होडीनं आम्ही त्या विहिरीवर गेलो. पाच लिटरचा रिकामा कॅन, त्याला लाल फडकं, खाली नायलॉनच्या दोरीला दगड. दोरी लांब ठेवली आहे, पाणी चढलं तरी कॅन वर दिसावा म्हणून.