वसंतातले कपडे: या चुका टाळा

थंडी ओसरायला लागली की माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांमधलं कापड बदलतं. गडद रंग जातात, फिके येतात. जाड पोत जातो, झिरझिरीत येतो. तक्रारी मात्र त्याच. ‘दुकानात छान दिसत होता हो हा रंग.’ ‘एका धुण्यात आखूड झाला.’ ‘सैल शिवलाय तरी हात वर होत नाही.’ कपडे शिवण्यात, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्त करण्यात इतकी वर्षं गेली आहेत, की पिशवी उघडायच्या आधीच आतून काय निघणार याचा अंदाज येतो. चुका मोजक्याच आहेत. दर वसंतात माणसं तेवढी नवी असतात.

दिव्याखाली रंग ठरवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलणार.

फिकट राखाडी शर्ट होता, पातळ सुती कापडाचा. सकाळी द्यायचा होता. रात्री दोरा जुळवायला बसले. डब्यात राखाडीच्या पाच-सहा छटा होत्या. पिवळ्या बल्बखाली त्यातल्या एकीचा दोरा कापडावर आडवा ठेवला, तर दिसेनासाच झाला. इतका जुळला म्हणून खूश होऊन कॉलर, कफ, बटणपट्टी, खिसा सगळीकडे दुहेरी वरशिलाई मारून टाकली. सकाळी पडदा सारला आणि शर्टावर हिरवट रेघा उभ्या. आधी वाटलं डोळ्यांवर झोप आहे. मग शर्ट दारात नेला, तिथे तर अजूनच हिरव्या. उसवायला बसले, पण पातळ कापडात सुईची भोकं राहतात. ती नखाने घासली, वाफ दिली, काही बुजली, काही नाही. कॉलर शेवटी नव्याने कापली. शर्ट चार दिवस उशिरा गेला आणि ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही. बरोबरच केलं त्यांनी.

कारण साधं आहे. दोरा पॉलिएस्टरचा, कापड सुती, दोन्हींचे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे. असे दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागतात. याला मेटामेरिझम म्हणतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. पिवळसर बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा असतो, दिवसाचा ५५०० ते ६५०० च्या घरात. पिवळ्या उजेडात निळा अंश मुळातच कमी, म्हणून राखाडी, जांभळट, मोरपंखी आणि पिस्ता हे रंग तिथे सगळ्यात जास्त फसवतात. वसंतात नेमके हेच रंग उचलले जातात.

म्हणून रंग जुळवायचा तो खिडकीपाशी, थेट ऊन पडत नसेल अशा जागी, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधे. सूर्य मावळल्यावर मी दोरा निवडत नाही, काम कितीही घाईचं असो. कपडा विकत घेत असाल तर तो हातात घेऊन दारापर्यंत जा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. ज्या पँटवर घालायचा ती सोबत नेली असेल तर उत्तम. आणि फोनवर फोटो काढून ‘जुळतोय का बघ’ असं मला पाठवू नका. फोनचा कॅमेरा उजेडाप्रमाणे पांढरा रंग स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्याच्याप्रमाणे सरकवतो. त्यावरून मी काय सांगणार?

मनगटाच्या शिरा बघून रंग निवडणं

शिरा निळ्या दिसल्या तर थंड रंग, हिरव्या दिसल्या तर उबदार. हे ऐकून आलेल्या मुली माझ्यासमोर मनगट धरतात. शिरेतलं रक्त ना निळं असतं ना हिरवं. शीर त्वचेखाली किती खोल आहे, त्वचा किती जाड आहे आणि वर कुठला दिवा आहे यावर तो रंग ठरतो. वर सांगितलेला पिवळा बल्ब लावा, सगळ्यांच्याच शिरा हिरवट होतील.

याच जातीची आणखी एक गल्लत आहे. माणसांच्या रंगाचे चार ऋतूंच्या नावांनी चार गट पाडण्याची एक पद्धत आहे. त्यातला ‘वसंत’ म्हणजे उबदार, उजळ, स्वच्छ रंग खुलणारी माणसं. त्याचा हवेशी संबंध नाही. पण ‘वसंताचे रंग’ म्हणून तो तक्ता बघून लोक सरसकट पीच आणि कोवळा पिवळा घेऊन येतात. वसंत आला म्हणून तुमची कातडी बदललेली नसते.

माझी रीत जुनी आहे आणि तिला अर्धा तास लागतो, म्हणून घाईतल्या लोकांना ती आवडत नाही. बाईला खिडकीकडे तोंड करून बसवते. अंगावरचा कपडा झाकेल असं साधं पांढरं कापड खांद्यांवर टाकते. मग चिंध्यांच्या डब्यातले तुकडे एकेक करून हनुवटीखाली धरते आणि तुकड्याकडे न बघता चेहऱ्याकडे बघते. डोळ्यांखालचं काळं, ओठांच्या कडेच्या छाया, नाकाच्या बाजूचा लालसरपणा हे उठून दिसायला लागलं की तुकडा बाजूला. चेहरा आधी दिसला तर ठेवायचा, कापड आधी दिसलं तर नाही. रंग ‘छान’ आहे का हा प्रश्नच नाही. माझ्या डब्यात एक सुंदर शेवाळी तुकडा आहे, तो आजवर ज्यांना धरला त्यातल्या फार थोड्यांना शोभला.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो, हे काही शिवणाऱ्यांच्या अंधश्रद्धेतलं नाही. पॅरिसच्या गोब्लां या विणलेली भिंतचित्रं बनवणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभाग सांभाळायचा. काळ्या रंगात दम नाही अशी विणकरांची तक्रार आली. त्याने तपासलं, तर काळा रंग ठीक होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की तो मरगळलेला दिसायचा. यावर त्याने १८३९ साली आख्खा ग्रंथ लिहिला. (तो एकूण १०२ वर्षं जगला. चिकाटीचा माणूस.) तुमच्या चेहऱ्याचंही तेच. त्यात भर म्हणजे गळ्याजवळचं फिकं कापड आपल्या रंगाचा उजेड हनुवटीवर टाकतं. पोपटी कुर्ता घालून आरशात हनुवटीच्या खालची बाजू बघा, पटेल.

फिक्या रंगांचा हट्टच असेल तर दोन गोष्टी करून बघा. खडू मिसळल्यासारखे मळकट फिके रंग सावळ्या आणि गव्हाळ चेहऱ्यावर राख फासल्यासारखे बसतात. त्याच रंगाची दोन घरं गडद, स्वच्छ छटा घ्या. फिका गुलाबी नको, डाळिंबी घ्या. आणि न शोभणारा पण आवडता रंग कमरेखाली न्या. पँटच्या रंगाला तुमच्या डोळ्यांखालच्या वर्तुळांशी काही देणंघेणं नसतं.

कापड न भिजवता शिवायला देणं

‘वेळ नाहीये, असंच शिवा.’ हे वाक्य ऐकून मी आता सरळ नाही म्हणते. पूर्वी म्हणत नव्हते.

एक ताई कुर्त्यासाठी व्हिस्कोसचं, म्हणजे रेयॉनचं, मऊसूत कापड घेऊन आल्या. अबोली रंग, छान पडणारं. पातळ होतं म्हणून खाली अस्तर हवं होतं, ते त्यांनीच आणलेलं, पॉलिएस्टरचं. तीन दिवसांनी घालायचा होता. मी शिवला, बसला सुरेख, त्या खूश, मी खूश. आठ दिवसांनी पिशवी परत. कुर्ता धुतला होता. वरचं कापड आटलं, अस्तर जिथल्या तिथे. खालून अस्तराची दोन-तीन बोटं पट्टी लोंबतेय, आणि जिथे दोन्ही कापडं शिलाईत एकत्र अडकली होती तिथे अस्तराला फुगे आलेले. ताई म्हणाल्या, ‘तुम्ही अस्तर जास्त कापलंत.’ त्यांच्यासमोर टेप लावली. अस्तर माझ्या वहीतल्या मापाला अगदी बरोबर होतं, वरचं कापड साडेपाच सेंटिमीटर कमी भरलं. ११० सेंटिमीटर लांबी म्हणजे पाच टक्के. व्हिस्कोस पाच टक्के आटलं तर त्यात नवल काहीच नाही. पॉलिएस्टर मात्र साध्या धुण्यात जवळजवळ आटतच नाही. दोघांची गाठ न भिजवता मारली की असंच होणार, आणि हे मला माहीत असूनही मी मारली होती.

दुरुस्ती काय, तर अस्तर वर कापलं. कुर्ता आखूड तो आखूडच राहिला, खाली वाढवायला माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती ठेवणार?

आता मी कापड हातात आलं की जसं पुढे धुतलं जाणार आहे तसं धुवायला लावते. मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्ये. सुती आणि लिनन रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, किंचित दमट असताना इस्त्री. व्हिस्कोस हलक्या हाताने, कारण ओलं असताना त्याची ताकद बरीच कमी होते. पिळलं की संपलं. अस्तर वेगळं भिजवायचं. शक्यतो सुती कुर्त्याला सुतीच अस्तर घ्यायचं, गळ्याखाली घाम आला की त्याचा उपयोग कळतो. तयार कपडा घेताना हे शक्य नाही, तेव्हा सुती किंवा व्हिस्कोसचा असेल तर लांबीला आणि बाहीला थोडी सवलत ठेवूनच घ्या. आणि धुतल्याशिवाय घालू नका. नव्या कापडावरच्या प्रक्रियेतल्या रसायनांनी काहींच्या अंगाला खाज सुटते.

सैल म्हणजे आरामशीर समजणं

‘मुंढा खाली घ्या, काखेत काचतंय.’ मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा गोल काप. घेतला खाली. मग तक्रार येते की हात वर केला की आख्खा शर्ट वर चढतो. चढणारच. मुंढा जितका खोल, तितकी बाही अंगाच्या खालच्या भागाला जोडलेली, आणि हात उचलला की ती त्या भागाला ओढून नेते. काखेजवळ बसणारा, पण बाहीला पुरेशी रुंदी असलेला मुंढाच हात मोकळा ठेवतो. पन्नास वेळा समजावलं तरी लोकांना हे उलटं वाटतं, म्हणून हल्ली मी समजावत नाही. दोन शर्ट हँगरवर लावून ठेवलेत, एक असा, एक तसा. घाला आणि कपाटावरचा डबा काढून दाखवा म्हणते.

विकत घेतानाही आरशासमोर सरळ उभं राहून ठरवू नका. बसा, वाका, बुटाची लेस बांधून बघा, हात मागे नेऊन बघा. दिवसातला निम्मा वेळ आपण बसलेलोच असतो, आणि पँटचं खरं माप बसल्यावरच कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

‘कॉटन फील’ म्हणजे कॉटन नव्हे. आतल्या लेबलवरचे टक्के वाचा. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून असतो, लिनन १२ च्या आसपास, पॉलिएस्टर ०.४. खेळाच्या कपड्यांत घाम बाहेर काढून वाळवणारी खास वीण असते, ते निराळं. साध्या पॉलिएस्टरच्या शर्टात घाम आत जिरतही नाही आणि पटकन जातही नाही.

पातळ म्हणजे थंड, हे अर्धंच खरं. सुटसुटीत विणीचं जरा जाड लिनन हे गच्च विणीच्या पातळ कापडापेक्षा जास्त हवा खेळवतं. आणि झिरझिरीत पांढरा सुती शर्ट ऊन फारसं अडवत नाही, ओला झाला तर आणखीच कमी.

सकाळी गारवा आणि दुपारी ऊन, म्हणून एकच मध्यम जाडीचा कपडा घालणं म्हणजे दोन्ही वेळा हाल. दोन पातळ घाला, वरचा पुढून उघडणारा. डोक्यावरून काढायचा स्वेटर भर बैठकीत कोण काढतं?

मध्यम राखाडी रंगावर घाम सगळ्यात आधी दिसतो. पांढऱ्यावर किंवा गर्द निळ्यावर कमी.

लिननला सुरकुत्या पडणारच, त्या धाग्यात लवचीकपणा कमीच असतो. दर तासाला त्यावर हात फिरवत बसणार असाल तर लिनन घेऊ नका.

पांढऱ्याशेजारी पांढरा ठेवताना जपून. झगझगीत पांढऱ्या कापडात उजळवणारी द्रव्यं असतात, ती उन्हात निळसर चमकतात आणि शेजारचा सायीच्या रंगाचा कपडा न धुतल्यासारखा दिसतो. आरपार दिसतं का ते बघायला कपड्याच्या आत हात घाला, बोटं मोजता आली तर अस्तर लागणार.

एक माप लहान घेऊन ‘बारीक झाले की येईल’ म्हणणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही. आत माया असेल तर सैल करून देते, नसेल तर नाही.

शेवटचं, मानेला टोचणारं लेबल. ते कात्रीने कापू नका. कापलं की शिलाईत अडकलेली कडक कड उरते आणि ती मूळ लेबलापेक्षा जास्त टोचते, मग तो कपडा माझ्याकडे येतो. उसवणीने एका कडेपासून एकेक टाका तोडा, कॉलरची शिलाई धरू नका. निघालेलं लेबल फेकायचं नाही, धुण्याच्या खुणा बहुतेक वेळा त्यावरच असतात. माझी अशी लेबलं एका वहीत टाचलेली आहेत, प्रत्येकासमोर कुठला शर्ट ते लिहून.