कोकणातल्या घरात चांगलं टर्नटेबल कसं निवडावं

अँप्लिफायर आणि स्पीकर घरात आहेत, रेकॉर्ड धुता-पुसता येतात, असं धरून चालतो. रेकॉर्डच नसतील तर आधी त्या जमवा.

पहिलं काम जागा ठरवण्याचं, मशीन नंतर. माळ्यावर ठेवू नका. फळ्यांवरून कोणी चाललं की पिन उडणारच, मग टर्नटेबल कितीही महागाचं असो. तळमजल्याचा कोबा किंवा लादी उत्तम. सारवलेली जमीन तर त्याहून शांत, पण ती आता राहिलीय कुणाकडे? ओटीवर झोपाळा असेल तर त्याच्यापासून लांब. भिंतीवर ब्रॅकेट ठोकायचा झाला तर जांभ्यात साधा प्लग टिकत नाही, चिऱ्याचा भुगा होऊन तो सुटतो. लांब बोल्ट सिमेंटमध्ये बसवून घ्या.

मग मोटर. रेकॉर्डखालची थाळी रबरी पट्ट्याने फिरते ती बेल्ट ड्राइव्ह, थेट मोटरवर फिरते ती डायरेक्ट ड्राइव्ह. ‘हाय-एंड म्हणजे बेल्ट ड्राइव्हच, डायरेक्ट ड्राइव्ह डीजेंसाठी’ हे मी वीस वर्षं ऐकतोय. टेक्निक्सचं एसएल-1200 हे 1972 साली घरी ऐकणाऱ्यांसाठीच निघालं होतं, डीजेंनी ते नंतर उचललं. दोन्ही प्रकार चांगले असतात. बेल्ट घेतलात तर एक जादा बेल्ट घरात ठेवा, आणि बेल्टवाल्यांपैकी ज्यांची मोटर थेट घरच्या विजेवर चालते ती स्वस्त इन्व्हर्टरवर लावू नका. तिचा वेग विजेच्या 50 हर्ट्झवर चालतो आणि अशा इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हवर ती गुरगुरते. पावसाळ्यात आपल्याकडे इन्व्हर्टर किती वेळ चालू असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आजोबांच्या ट्रंकेत नाट्यपदांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर मिनिटाला 78 फेऱ्यांचा वेग आहे ना, ते दुकानातच बघा. त्यांना पिनही वेगळी लागते, साधारण 3 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंद. एलपीची पिन 0.7 मिलच्या आसपास असते, ती त्या खाचेच्या तळाशी नुसती लोळते.

आता खरं दुखणं. आर्म (रेकॉर्डवर फिरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, पिन बसवलेली डबी) एकमेकांना जुळतात का, हे न बघता लोक दोन्ही वेगवेगळी ‘बेस्ट’ म्हणून घेतात. मीही घेतली होती. आर्म जड, कार्ट्रिजचं सस्पेन्शन, म्हणजे पिन तोलणारा लवचीक भाग, मऊ. पिन रेकॉर्डवर टेकली की वूफरचे (मोठ्या स्पीकरचे) पडदे आवाज नसतानाही आत-बाहेर हलायचे, आणि उन्हाने जरा वाकलेल्या रेकॉर्डवर पिन सरळ उडी मारायची. मी मॅट बदलली, वायरी बदलल्या, बेल्ट बदलला, एकाच्या सल्ल्याने खाली ग्रॅनाइटची लादी घातली. वर्ष गेलं. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांचं गणित केलं तेव्हा कळलं की ही सोयरीक मुळातच चुकली होती.

गणित असं. आर्मचं इफेक्टिव्ह मास (पिनला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सने, म्हणजे सस्पेन्शन किती मऊ ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणा. त्याचं वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. उत्तर म्हणजे आर्मची स्वतःची थरथर सेकंदाला किती वेळा होते तो आकडा. तो 8 ते 12 हर्ट्झमध्ये यायला हवा. कारण साधं आहे. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ वेळा फिरते, म्हणजे तिचा वाकडेपणा सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त वेळा येतो. तो आणि माणसांच्या पावलांचे धक्के खालच्या बाजूला, तर संगीत 20 हर्ट्झच्या वर. मधल्या मोकळ्या जागेत आर्मची स्वतःची थरथर बसवायची.

उदाहरणार्थ ऑर्टोफॉन 2एम ब्लू हे कार्ट्रिज धरा. वजन 7.2 ग्रॅम, कॉम्प्लायन्स 20. 12 ग्रॅमच्या आर्मवर स्क्रूंसकट बेरीज 20. गुणाकार 400, वर्गमूळ 20, उत्तर जेमतेम 8. चालेल, पण याहून जड आर्म नको. माझ्या त्या जोडीचं उत्तर 6 आलं होतं.

इथेच दुसरा खड्डा आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. जपानी कंपन्या कॉम्प्लायन्स बहुधा 100 हर्ट्झला मोजतात, युरोपातल्या 10 हर्ट्झला. डेनॉन डीएल-103 या जपानी कार्ट्रिजच्या कागदावर 5 छापलेलं असतं. ते तसंच गणितात घातलं की 12 ग्रॅमच्या आर्मवर उत्तर 15 येतं आणि लोक कार्ट्रिज परत करतात. जपानी आकडा दुपटीच्या आसपास धरा. 10 धरलं तर उत्तर 11 च्या जवळ येतं. थोडा जड आर्म मिळाला तर आणखी बरं. कार्ट्रिजच्या कागदावर कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आकडा आहे, हे न सांगता कोणी सल्ला दिला तर हसून चहा पाजा आणि सल्ला विसरा.

हलक्या आर्मवर जड हेडशेल (कार्ट्रिज बसवायचा टोकाचा तुकडा) लावून वजन वाढवता येतं. जड आर्मचं वजन मात्र फारसं कमी करता येत नाही. म्हणून सुटं हेडशेल असणारा आर्म घ्या. 78 साठी वेगळं कार्ट्रिज लावायचीही सोय होते.

पहिलं चांगलं कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेटच (आत चुंबक हलणारं) घ्या, यावर मी वाद घालणार नाही. त्याची पिन घरी ओढून बदलता येते. मूव्हिंग कॉइल (आत तारेचं वेटोळं हलणारं) असेल तर त्याची पिन झिजली की बहुतेक वेळा अख्खं कार्ट्रिज बदलायचं नाहीतर कारागिराकडे पाठवायचं, आणि इथून कुरिअर कसं जातं ते आपल्याला माहीत आहे. शिवाय डीएल-103 सारख्याचा सिग्नल 0.3 मिलिव्होल्ट, त्याला वेगळी, जास्त जोराची फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारी पेटी, लागते. पैसे उरले तर पिनच्या आकारावर घाला. शंकूच्या आकाराच्या पिनपेक्षा लंबवर्तुळाकार पिन रेकॉर्डच्या आतल्या, शेवटच्या गाण्यांवर स्वच्छ वाजते, आणि शिबाता नावाच्या खास घडणीची पिन त्याहून चांगली. पण शिबाताचा कोन चुकला की ती लंबवर्तुळाकारापेक्षाही वाईट वाजते, तेवढी चिकाटी असेल तरच तिच्या वाटेला जा.

ट्रॅकिंग फोर्स (पिनचा रेकॉर्डवरचा भार) काट्यावर मोजा, आर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायच्या छापील पट्टीने) कार्ट्रिज सरळ करा.

राहता राहिली खारी हवा. मृग लागायच्या आत हेडशेल काढून कार्ट्रिजच्या मागच्या, वायरी जोडलेल्या चार पिना आणि आर्मचे संपर्क कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा, दिवाळीनंतर पुन्हा एकदा. एका बाजूचा आवाज गेला की लोक अँप्लिफायर उघडतात. दहातल्या आठ वेळा या संपर्कांवरच हिरवट काळपट थर बसलेला असतो.